सांध्यात कोण मरतंय, आणि कधी?

उंदरांवरचे दोन प्रयोग गेले काही महिने माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहेत.

पहिला २००२ सालचा, स्टॅनफर्डच्या गटाचा, ‘जर्नल ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन’मध्ये छापून आलेला. डीबीए/१ जातीच्या उंदरांना कूर्चेतलं कोलॅजन टोचलं की त्यांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि आमवातासारखा आजार होतो. अशा उंदरांना त्यांनी अ‍ॅनेक्सिन-व्ही नावाचं प्रथिन टेक्नेशियम-९९एम हे कॅमेऱ्याला दिसणारं किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून टोचलं. हे प्रथिन मरू घातलेल्या पेशींना जाऊन चिकटतं. बाहेरून आजाराची ठळक लक्षणं दिसायच्या आधीच उंदरांच्या पंजांत टेक्नेशियम जास्त साठलेलं दिसलं. आठवडाभर स्टेरॉइड दिलेल्या उंदरांत ते साठणं बरंच उतरलं.

दुसरा प्रयोग २००५ सालचा, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाचा. तसाच कोलॅजनचा संधिवात, तेच अ‍ॅनेक्सिन. फक्त टेक्नेशियमऐवजी साय-५.५ हा रंग जोडलेला, जो तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाच्या सीमेवर चमकतो. इथे औषध होतं मेथोट्रेक्सेट, आमवातात नेहमी दिलं जाणारं. औषध दिलेल्या उंदरांच्या पंजांत चमक औषध न दिलेल्यांपेक्षा जास्त दिसली.

म्हणजे एकीकडे औषधाने पंजावरचा अ‍ॅनेक्सिनचा ठिपका विझला आणि दुसरीकडे औषधाने ठिपका उजळला. आजार तोच, शोधणारं प्रथिन तेच, आणि दोन्ही ठिकाणी संशोधकांनी ‘औषधाचा परिणाम दिसतोय’ असंच म्हटलं. मला वाटतं दोघंही बरोबर आहेत. ते दोघं बरोबर कसे असू शकतात, हे आज लिहायचं आहे.

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. सकाळी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, जनरेटरमधून टेक्नेशियम काढायचं, डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजायचं, किटच्या व्हायलमध्ये घालून हाडांसाठी, हृदयासाठी, किडनीसाठी वेगवेगळे डोस तयार करायचे, हा माझ्या दिवसाचा आरंभ. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे आज सकाळी भरलेल्या डोसातला उद्या सकाळी सोळावा हिस्सा उरतो. जनरेटरमधल्या ज्या मॉलिब्डेनमपासून ते निघतं त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं, म्हणून जनरेटर आठवडाभर पुरतो आणि मग नवा मागवावा लागतो. आपल्याकडे ही घडी बसवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे: परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालचं, आणि वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आजही किट आणि समस्थानिकं बनवून देशभर पाठवते.

आणि माझी एक मावशी मिरजेला असते. तिला आमवात आहे, रिपोर्टवर लिहितात तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची बोटं वळत नाहीत. गरम पाण्यात हात धरून बसते, मग कुठे चहाचा कप उचलता येतो. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, आणि फॉलिक अ‍ॅसिडचा दिवस वेगळा, हे तिने कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनने लिहून ठेवलंय. मध्यंतरी डॉक्टरांनी औषध बदललं तेव्हा तिचा फोन आला.

“गोळी लागू पडली का नाही हे तीन महिन्यांनी बघू म्हणाले. तीन महिने काय करायचं गं? तोवर बोटं वाकडी झाली म्हणजे?”

“मावशी, त्या औषधाला वेळ लागतोच. सहा ते बारा आठवडे.”

“ते ठाऊक आहे मला. पण आत काहीतरी होत असेलच ना आधीपासून? तुझ्या कॅमेऱ्यात नाही का दिसत?”

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. आत काहीतरी आधीपासून होत असतं. आपण बघतो ते फार उशिराचं: सूज उतरली का, ईएसआर-सीआरपी हे रक्तातले दाहाचे आकडे खाली आले का, डॉक्टरांनी २८ सांधे एकेक दाबून बघितले तेव्हा किती दुखले. त्या अठ्ठावीसांत पायाचे सांधे नाहीतच, आणि मावशीचे पाय हातांइतकेच दुखतात. एक्स-रेत हाड कुरतडलेलं दिसतं तेव्हा ते कुरतडून झालेलं असतं.

आधीपासून काय होत असतं, त्याची सुरुवात पेशीच्या मरणापासून करावी लागते. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या शिस्तीच्या मरणाचं वर्णन केलं आणि त्याला अपॉप्टोसिस म्हटलं: पेशी आक्रसते, तिचं केंद्रक तुटतं, तिचे वेष्टनात गुंडाळलेले तुकडे होतात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळतात. आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणून सूज येत नाही.

मरणारी पेशी भक्षकाला बोलावते ती फॉस्फॅटिडिलसेरीन या स्निग्ध रेणूने. जिवंत पेशीच्या पटलाला दोन थर असतात आणि हा रेणू जवळजवळ सगळा आतल्या थरात ठेवलेला असतो. तो आपोआप तिथे राहत नाही. बाहेर निसटलेला प्रत्येक रेणू आत ओढणारे एक प्रथिन ऊर्जा खर्च करत सतत काम करत असतं. अपॉप्टोसिस सुरू झालं की कॅस्पेज नावाची कात्री चालते. ती या आत ओढणाऱ्या प्रथिनाला कापून निकामी करते, आणि त्याच वेळी एक्सकेआर-८ नावाचं दुसरं प्रथिन चालू करते, जे दोन्ही थरांतले रेणू एकमेकांत मिसळून टाकतं. हे शिगेकाझू नागाता यांच्या जपानमधल्या गटाने २०१३-१४ मध्ये उलगडलं. बाहेर आलेलं फॉस्फॅटिडिलसेरीन पाहून भक्षक पेशी येतात, हे मात्र १९९२ पासून माहीत होतं.

अ‍ॅनेक्सिन-व्ही कॅल्शियमच्या उपस्थितीत याच रेणूला घट्ट पकडतं. वजन सुमारे ३६ किलोडाल्टन, म्हणजे अल्ब्युमिनच्या साधारण निम्मं. ते मुळात रक्त गोठू न देणारं प्रथिन म्हणून सापडलं होतं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने त्याला टेक्नेशियम जोडून जिवंत प्राण्याच्या शरीरातला पेशीमृत्यू कॅमेऱ्यावर दाखवला, आणि २००० साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसांमध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवला. हृदयाचा तो डाग वाचकाला लगेच समजतो: रक्तपुरवठा तुटला, तिथल्या पेशी मेल्या, डाग म्हणजे नुकसान. सांध्यात असं सरळ वाचता येत नाही.

सांध्याला आतून अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात त्याचा वरचा थर एक ते तीन पेशींचा, इतका पातळ. आमवातात तो कित्येक पट जाड होतो आणि कूर्चेवर, हाडावर चढत जातो. या थरातल्या फायब्रोब्लास्ट जातीच्या पेशी मरणाला दाद देत नाहीत. आजूबाजूला मरणाचे संदेश भरपूर असताना त्या टिकून राहतात, आणि हाड खाण्यात त्यांचा मोठा हात असतो. इथे मरण कमी पडतंय.

त्याच सांध्यात, त्या अस्तराला लागून असलेल्या द्रवात, उलट चित्र असतं. निरोगी सांध्यातल्या द्रवात एका मायक्रोलिटरमागे २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. आमवाताच्या सांध्यात हजारो, आणि त्यांतल्या बहुतेक न्यूट्रोफिल. या पेशी अल्पायुषी असतात, आल्या की मरणारच. पण इथे इतक्या मरतात की गिळणाऱ्या पेशी पुऱ्या पडत नाहीत. वेळेत न गिळलेली पेशी फुटते, आतली विकरं सांडतात. काही न्यूट्रोफिल तर स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकून मरतात. हा प्रकार २००४ मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला. त्या जाळ्यावर सिट्रुलिनचा बदल झालेली प्रथिनं असतात, आणि मावशीच्या रिपोर्टवर लिहिलेली अँटी-सीसीपी प्रतिपिंडं अशाच प्रथिनांविरुद्ध असतात. म्हणजे हे मरण आजाराला रोज नवं खाद्य पुरवतंय.

आता ते दोन प्रयोग पुन्हा बघितले की कोडं सुटायला लागतं. पेटलेल्या सांध्यात एक वाईट मरण चालूच असतं. स्टेरॉइडने आठवडाभरात जळजळ शमवली, नव्या पेशींची गर्दी थांबली, मरणाऱ्यांची संख्या घटली, ठिपका विझला. मेथोट्रेक्सेटच्या प्रयोगात औषधाने दाहक पेशींनाच मरणाकडे ढकललं आणि संशोधकांनी त्या ढकलण्याचा क्षण गाठला, म्हणून ठिपका उजळला. थोडं थांबून पाहिलं असतं तर तिथेही तो विझला असता, असं मला वाटतं. कुठल्या पेशी मरत आहेत आणि औषधानंतर किती वेळाने बघितलं, या दोन गोष्टी सोडून दिल्या तर त्या ठिपक्याचा अर्थ ‘औषध लागू’ही लावता येतो आणि ‘आजार भडकलाय’ही.

माणसांच्या सांध्यातल्या तपासण्यांतही वेळेचा हा घोळ दिसतो. टीएनएफ नावाचा दाहक रेणू अडवणारी औषधं १९९० च्या दशकात लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या कामातून आली, तेव्हापासून प्रश्न होता की ती सांध्यातल्या पेशी मारून काम करतात का. अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर ४८ तासांनी अस्तराचा तुकडा काढून पाहिला: पेशींची गर्दी कमी झाली होती, पण अपॉप्टोसिस वाढलेलं आढळलं नाही. हे २००३ मध्ये छापून आलं. दोनच वर्षांनी स्टॉकहोमच्या गटाने आठ आठवड्यांनंतरचे तुकडे पाहिले आणि तिथे भक्षक पेशींमध्ये अपॉप्टोसिस वाढलेलं मिळालं. कोण खरं? तुकडा काढून उत्तर मिळणं अवघड आहे, कारण मेलेली पेशी काही तासांतच गिळली जाते. पंगत उठली की पत्रावळी उचलल्या जातात. उशिरा येणाऱ्याला किती जण जेवून गेले ते कळत नाही. शिवाय एकाच सांध्यात दर सहा तासांनी सुई घालून तुकडा काढणं कुठल्याच पेशंटला सहन होणार नाही. कॅमेऱ्याखाली मात्र तोच हात पुन्हा पुन्हा ठेवता येतो. म्हणून मला ही प्रतिमा हवीशी वाटते. ती एरवी न दिसणारं दाखवते एवढ्यापुरती नव्हे, तर तेच पुन्हा, लगेच, न दुखवता दाखवते म्हणून.

माझ्या कामाच्या टेबलावरून बघताना मात्र एक अडचण सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही असं माझं मत आहे.

आम्ही तीन टप्प्यांचा बोन स्कॅन करतो. इंजेक्शन देताना पहिलं चित्र, काही मिनिटांनी ‘ब्लड पूल’चं दुसरं, आणि तीनएक तासांनी हाडांचं तिसरं. आमवाताच्या पेशंटचे हात त्या दुसऱ्या चित्रातच उजळतात: मनगट, बोटांची मुळं, मधली पेरं. हाडाने अजून काही पकडलेलं नसतं. तिथे नुसतं रक्त जास्त आहे आणि केशवाहिन्या गळक्या झाल्या आहेत. सुजलेल्या सांध्यात तुम्ही कुठलंही प्रथिन सोडा, ते तिथे झिरपून साठणारच. मग अ‍ॅनेक्सिनचा ठिपका दिसला तर त्यातला किती भाग मरणाऱ्या पेशींना चिकटलेला आणि किती नुसता झिरपलेला?

याला उपाय आहे: जुळं प्रथिन. अ‍ॅनेक्सिनमधल्या कॅल्शियम धरणाऱ्या जागा बिघडवल्या की आकार-वजन तेच राहतं, पण फॉस्फॅटिडिलसेरीन पकडता येत नाही. ते झिरपेल तेवढंच, चिकटणार नाही. खऱ्या अ‍ॅनेक्सिनच्या ठिपक्यातून या जुळ्याचा ठिपका वजा केला की उरतं ते खरं चिकटणं. रंग वापरून हे सोपं जातं, दोघांना दोन रंग द्यायचे. गॅमा कॅमेऱ्यावरही अशक्य नाही. टेक्नेशियमचे किरण १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे. जुळ्याला इंडियम-१११ लावलं तर त्याचे १७१ आणि २४५ चे. कॅमेऱ्यात दोन ऊर्जांच्या दोन खिडक्या लावून दोन्ही वेगळे मोजता येतात, असं दुहेरी काम इतर तपासण्यांत झालेलंही आहे. जुळ्याशिवाय घेतलेलं सांध्याचं अ‍ॅनेक्सिन चित्र मी तरी पेशीमृत्यूचं चित्र म्हणून मानणार नाही.

वजाबाकी करूनही एक शंका उरते. फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर काढण्याचा मक्ता फक्त मरणाऱ्या पेशींकडे नाही. चेतवलेल्या प्लेटलेट्स ते बाहेर काढतात. त्यांच्यापासून सुटणारे सूक्ष्म कणही, आणि हे कण आमवाताच्या सांध्यातल्या द्रवात असतात व दाह वाढवतात हे २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. फुटलेल्या पेशीचा तर आतला थर उघडाच पडतो, म्हणजे शिस्तीचं मरण आणि बेशिस्त मरण दोन्ही अ‍ॅनेक्सिनला सारखंच. यावर काही जण कॅस्पेजलाच धरणारे रेणू बनवत आहेत. ती कात्री अपॉप्टोसिसमध्येच प्रामुख्याने चालते, त्यामुळे अर्थ जास्त नेमका लागतो. पण कात्री पेशीच्या आत आहे, रेणूला पटल ओलांडून आत शिरावं लागतं, आणि तिथे काम चालतं तो वेळ थोडा. जस्ताचे दोन अणू बसवलेले छोटे रेणूही आहेत, जे प्रथिन नसून अ‍ॅनेक्सिनसारखेच चिकटतात. प्रथिन नसण्याचा फायदा आमच्यासारख्यांना लगेच कळतो. हृदयाच्या सेस्टामिबीचं किट आम्ही दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवतो. प्रथिनाला ती आच दाखवली तर त्याची घडी मोडते आणि ते कशालाच चिकटत नाही, त्यामुळे टेक्नेशियम बसवायला वेगळा, मवाळ मार्ग लागतो.

अ‍ॅनेक्सिनविरुद्ध नेहमी सांगितलं जाणारं दुसरं कारण म्हणजे ते मूत्रपिंडात आणि यकृतात खूप साठतं. पोटातल्या गाठीसाठी ही खरी अडचण आहे. पण हातासाठी? हात पोटापासून लांब, पसरून थेट कॉलिमेटरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या शिशाच्या जाळीवर, ठेवता येतो, बाकी शरीर चित्रातच येत नाही. बोटाचा सांधा इतका लहान आणि वर मांस इतकं थोडं, की ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाशसुद्धा आरपार जाऊ शकतो, आणि तिथे किरणोत्साराची गरजच उरत नाही. मूत्रपिंडाला मिळणाऱ्या डोसचा विचार करावाच लागेल, विशेषतः तपासणी पुन्हा पुन्हा करायची तर. तरी हाताचे छोटे सांधे हीच या पद्धतीसाठी शरीरातली सगळ्यांत सोयीची जागा आहे असं मला वाटतं, आणि हृदय नि कर्करोगावर जेवढं काम झालं त्या मानाने इथे फार थोडं झालंय याचं वाईटही वाटतं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की कॅमेऱ्यात दिसू शकेल अशी वस्तू आहे, पण आमच्या हॉट लॅबमध्ये ती नाही, आणि तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त तपासायला जायचंच. लिव्हरचे आकडे बघितल्याशिवाय मेथोट्रेक्सेट पुढे चालू ठेवायचं नाही. ती म्हणाली, “ते मी करतेच गं, माझं कॅलेंडर बघ.”

प्रयोग आखायचं माझ्या हातात असतं तर मी दोन रेणू एकत्र वापरले असते. जर्मनीतल्या हायडेलबर्गहून २०१८ मध्ये एफएपीआय नावाचे रेणू आले, गॅलियम-६८ जोडून पेट कॅमेऱ्यावर बघायचे. ते चेतवलेल्या फायब्रोब्लास्टवरच्या एका प्रथिनाला धरतात. आले ते कर्करोगासाठी, पण आमवाताच्या अस्तरातल्या त्या हट्टी पेशींवरही हेच प्रथिन असतं, आणि आमवाताच्या रुग्णांचे असे स्कॅन झालेलेही आहेत. एफएपीआय दाखवतो हाड खाणारे किती जण जिवंत आहेत. पेशीमृत्यूचा रेणू दाखवतो आत्ता मरण चालू आहे का. औषधाच्या आधी दोन्ही चित्रं. पहिल्या डोसानंतर एक-दोन दिवसांनी नुसतं मृत्यूचं चित्र, जुळ्याची वजाबाकी करून. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दोन्ही. मृत्यूचा ठिपका आधी उजळला, मग विझला, आणि त्यामागोमाग एफएपीआयचाही उतरला, तर बारा आठवड्यांची वाट न बघता औषध चालू ठेवता येईल. मृत्यूचा ठिपका पहिल्यापासून तेवढाच तेवत राहिला आणि एफएपीआय जागचा हलला नाही, तर तो द्रवातल्या न्यूट्रोफिलांचा आहे असं धरून डॉक्टरांना दुसऱ्याच आठवड्यात औषध बदलायचा विचार करता येईल, हाड शाबूत असताना.